दोन वल्ह्यांवरून एका वल्ह्यावर: एलिसाबेता लिपा

रेवा | गुरुवार, रात्री ९.२०

मंडळी, धागा काढायला निमित्त अगदीच किरकोळ आहे. आमच्या सोसायटीत गणपतीत प्रश्नमंजूषा असते. यंदा प्रश्न काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं. 'ऑलिंपिकमध्ये रोइंगची सर्वांत जास्त पदकं कुणाकडे?' असा एक प्रश्न टाकला होता. तिघांनी हात वर केले आणि तिघंही 'स्टीव्ह रेडग्रेव्ह' म्हणाले. मी उत्तर सांगितलं, एलिसाबेता लिपा, रुमानिया. त्यावर पहिल्या रांगेतले एक काका म्हणाले, "टेनिसवाली का?"

तेव्हापासून डोक्यात बसलंय. पाच सुवर्णं, दोन रौप्यं, एक ब्राँझ. सलग सहा ऑलिंपिक, आणि सहाच्या सहा ठिकाणांहून पदक घेऊन परत. पहिलं सुवर्ण १९८४ ला एकोणिसाव्या वर्षी, शेवटचं २००४ ला, चाळिसावा वाढदिवस दोन महिन्यांवर असताना. एवढं करूनही बाईंचं नाव कुणाला ठाऊक नाही. असं का, ते जरा उलगडून बघावं म्हणून लिहितेय. मी स्वतः आयुष्यात महाबळेश्वरच्या वेण्णा लेकपलीकडे वल्हं धरलेलं नाही, तेव्हा जाणकारांनी सांभाळून घ्यावं.

जन्म २६ ऑक्टोबर १९६४, सिरेत नावाच्या गावी. रुमानियाच्या अगदी ईशान्य कोपऱ्यात, सुचावा जिल्ह्यात, युक्रेनच्या सरहद्दीला खेटून. माहेरचं आडनाव ओलेन्युक. १९८४ च्या निकालपत्रात 'लिपा' शोधाल तर सापडणार नाही, मीही आधी गोंधळले होते. त्या भागात समुद्र नाही, रोइंगची परंपरा म्हणावी असंही काही नाही. पण उंच, हाडापेरानं मजबूत पोरी होत्या, आणि सरकारी प्रशिक्षक शाळाशाळांतून अशाच पोरी हेरत फिरायचे. हे पीक अजून निघतंय. दोइना इग्नात त्याच सुचावा जिल्ह्यातली. जॉर्जेता दामियान शेजारच्या बोतोशानीची, आणि टोकियोत सुवर्ण घेणारी सिमोना रादिशही बोतोशानीचीच.

१९८४ ला लॉस एंजेलिसवर सोव्हिएत गटानं बहिष्कार टाकला. वॉर्सा करारातला एकटा रुमानिया तो झुगारून गेला आणि २० सुवर्णांसह ५३ पदकं घेऊन आला. कासितास तलावावर बायकांच्या रोइंगच्या सहा शर्यती होत्या, त्यांतल्या पाच रुमानियानं मारल्या. दुहेरी स्कल्समध्ये (दोघींची होडी, प्रत्येकीच्या हातात दोन वल्ही) मारिओआरा पोपेस्कु आणि आपली ओलेन्युक. (मारिओआराचं नाव लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.)

१९८८ सोल: दुहेरीत रौप्य, चौघींच्या होडीत ब्राँझ. १९८९ ला ब्लेड गावी (तेव्हाचा युगोस्लाव्हिया) झालेल्या जागतिक स्पर्धेत एकेरीचं विजेतेपद. त्याच डिसेंबरात चाउशेस्कुची राजवट कोसळली. ज्या व्यवस्थेनं तिला शाळेतून उचललं होतं ती व्यवस्थाच राहिली नाही, आणि बाई १९९२ ला बार्सिलोनाला जाऊन एकेरीचं सुवर्ण घेऊन आली! शिवाय त्याच ऑलिंपिकमध्ये वेरोनिका कोकेल्याबरोबर दुहेरीचं रौप्य.

इथे कुणीही थांबलं असतं. वय सत्तावीस, एकेरीची ऑलिंपिक विजेती, अजून काय हवं? पण मला खरी गंमत वाटते ती पुढच्या भागाची. १९९६, २००० आणि २००४ ही तीन सुवर्णं तिनं एकेरीत किंवा दुहेरीत घेतलेली नाहीत. ती आठ जणींच्या होडीतली आहेत. तिथे प्रत्येकीच्या हातात एकच वल्हं असतं. म्हणजे जगात एकटीनं सर्वांत वेगानं होडी हाकून दाखवल्यावर ही बाई जाऊन रांगेत बसली. माझं साधं म्हणणं आहे की तिची कीर्ती तिथेच विरली. अर्ध्याहून जास्त सुवर्णं आठ जणी आणि एक कॉक्स (न वल्हवता सुकाणू सांभाळणारी) अशा नऊ वाट्यांत गेली, आणि नवव्या हिश्शाची गोष्ट कोण सांगतंय?

निवृत्ती २००४. २००८ ला थॉमस केलर पदक, म्हणजे रोइंगमधला सर्वोच्च सन्मान. २००९ पासून रुमानियाच्या रोइंग महासंघाची अध्यक्ष, मध्ये वर्षभर क्रीडामंत्रीसुद्धा. त्याबद्दल प्रतिसादांत बोलू, आधीच लांबलंय.

जुना_स्कोअरबोर्ड | गुरुवार, रात्री ९.५५

रेवाताई, लेख आवडला. लॉस एंजेलिस म्हटलं की आमच्या पिढीला एकच आठवतं, पी. टी. उषा आणि सेकंदाचा शंभरावा भाग. ५५.४१ आणि ५५.४२. ते ब्राँझ नेलं कोणी? क्रिस्तियाना कोजोकारु. रुमानिया! त्या वर्षी रुमानियाचं नाव घरात शिवी दिल्यासारखं घेतलं जायचं. आमचे वडील तर नादिया कोमानेचीलाही माफ करायला तयार नव्हते.

त्याच स्पर्धेत, त्याच देशाची एकोणीस वर्षांची पोरगी तलावावर सुवर्ण मारतेय हे कळायला मला चाळीस वर्षं आणि तुमचा धागा लागला.

भाकरवडी | गुरुवार, रात्री १०.०८

वाचतेय. बावळट प्रश्न विचारू का? एक वल्हं, दोन वल्ही यात एवढा काय फरक? होडी ती होडी. आणि हे कयाकिंग नव्हे ना?

मुळाकाठ | गुरुवार, रात्री १०.४०

भाकरवडी, बावळट अजिबात नाही, निम्म्या वर्तमानपत्रांना हा फरक कळत नाही.

कयाक आणि कनू पुढे तोंड करून चालवतात. रुमानियाचा इवान पात्साइकिन कनूवाला. म्युनिकला १९७२ मध्ये त्याचं वल्हं शर्यतीत मोडलं, तरी उरलेल्या दांडक्यानं त्यानं शर्यत पुरी केली, फेरसंधी घेतली आणि अंतिम फेरी जिंकला. तो वेगळा खेळ. रोइंगमध्ये पाठ शर्यतीच्या शेवटाकडे असते. मागे पडलेले दिसतात, पुढे गेलेले दिसत नाहीत.

आता वल्ह्यांचं. दोन हातांत दोन छोटी वल्ही म्हणजे स्कलिंग. दोन्ही हातांनी एकच लांब वल्हं म्हणजे स्वीप. स्कलिंगमध्ये अंग दोन्ही बाजूंना सारखं चालतं. स्वीपमध्ये दर फटक्याला कंबर एका बाजूला वळते, बाहेरचा हात ओढतो, आतला हात वल्ह्याचं पातं फिरवतो. दहा वर्षं स्कलिंग केलेल्या माणसाला स्वीपला बसवणं म्हणजे तबलजीला पखवाजावर बसवण्यासारखं आहे. ताल तोच, हात निराळा.

मी पुण्यात मुळेवर शिकलो. इंजिनिअरिंग कॉलेजच्या बोट क्लबची रेगाटा १९२८ पासून चालू आहे, पुणेकरांना माहीत असेलच. पहिल्यांदा एकेरी होडीत बसवलं तो दिवस विसरणार नाही. होडी आठ मीटर लांब, वजन चौदा किलोच्या आसपास, आणि रुंदी एवढी की बूड जेमतेम मावतं. स्थिर राहते ती फक्त दोन्ही वल्ही पाण्यावर टेकवलेली असली तर. पाय पट्ट्यांत अडकवलेले. मला सीनियर म्हणाला, "वल्ही सोडू नकोस, बाकी काहीही कर." तिसऱ्या फटक्याला डावं वल्हं जलपर्णीत गुंतलं, मुठीनं बरगडीत ठोसा मारला आणि मी पाण्यात. मुळेच्या पाण्याची चव काय असते ते विचारू नका. घरी आल्यावर आईनं आधी डेटॉलची बाटली काढली आणि मग कॉलेजला नावं ठेवली.

मुद्दा काय, तर एकेरीत चूक झाली की पाण्यात तुम्ही एकटे जाता. आठच्या होडीत एकीच्या हातून पातं वाकडं पडलं तर नऊ जणींचं ऑलिंपिक जातं. एकटीनं जिंकायची सवय झालेला माणूस तिथे फार अवघड जातो, त्याला आपला ताल सोडवत नाही. लिपानं तो सोडला, हे मला तिच्या पदकांपेक्षा मोठं वाटतं.

भाकरवडी | गुरुवार, रात्री १०.५२

तबलजी-पखवाज! कळलं. धन्यवाद मुळाकाठदादा. बरगडी कशी आहे आता?

कट्टेकरी | गुरुवार, रात्री ११.१५

गोडगोड चाललंय म्हणून थोडं तिखट टाकतो. १९८४ चं सुवर्ण पूर्ण किमतीचं धरायचं का? पूर्व जर्मनी आलीच नव्हती. मॉस्कोला १९८० मध्ये बायकांच्या सहापैकी चार शर्यती त्यांच्या होत्या. मैदान रिकामं असताना पाच जिंकल्या त्यात नवल ते काय? सोलला पूर्व जर्मनी आली आणि लगेच सहापैकी पाच घेऊन गेली. रुमानियाला उरलं एक, तेही दोघींच्या स्वीप होडीत, तुमच्या लिपाचं नव्हे.

आणि ती सगळी पूर्वेकडची यंत्रणा... शाळेतून मुली उचलायच्या, तळ्यावर ठेवायच्या. याला 'गोष्ट' म्हणावं का कारखाना?

रेवा | शुक्रवार, सकाळी ७.३०

कट्टेकरी, पहिला मुद्दा मान्य. १९८४ ला मैदान निम्मं होतं. पण तुम्हीच दिलेल्या सोलच्या आकड्यांवरून पुढे जाऊ. तिथे पूर्व जर्मनी पूर्ण ताकदीनिशी होती, आणि दुहेरीत त्यांच्यामागून दुसरी होडी लिपाची होती. बार्सिलोनाला एकत्र झालेली जर्मनी होती. दुहेरीत त्यांच्या केपेन आणि बोरोननं लिपाला हरवलं, तेही मी झाकून ठेवत नाही. एकेरी मात्र तिनं जिंकली, आणि त्या वेळी सगळं जग हजर होतं.

कारखान्याबद्दल... हो, होताच. तिचा क्लब दिनामो, म्हणजे गृहखात्याचा. खेळाडूंना तिथे हुद्दा आणि पगार मिळायचा, आपल्याकडे सेनादल आणि रेल्वे देतात तसा. पण कारखाना १९८९ ला बंद पडला आणि तिची चार सुवर्णं त्यानंतरची आहेत. याचं उत्तर कारखान्यातून मिळत नाही.

डॉक्टरीणबाई | शुक्रवार, सकाळी ९.०५

एक गोष्ट कुणी बोललंच नाही. १९८४ पर्यंत बायकांची शर्यत १००० मीटरची होती. १९८५ पासून ती पुरुषांसारखी २००० मीटरची झाली आणि ऑलिंपिकमध्ये सोलपासून लागू झाली.

ऐकायला नुसतं दुप्पट वाटतं, पण शरीराच्या दृष्टीनं खेळ बदलला. दुहेरीची १००० मीटरची शर्यत साडेतीन मिनिटांच्या आत संपायची. तेवढ्यात ताकद आणि दम कोंडून मारलेली धाव बऱ्यापैकी चालून जाते. एकेरीत २००० म्हणजे सात-साडेसात मिनिटं. तिथे ऊर्जेचा मोठा हिस्सा प्राणवायू वापरूनच यावा लागतो. सुरुवातीच्या धडाक्यात मांड्यांत साचलेलं आम्ल तिसऱ्या पाचशेत वसुली करतं. १००० वाल्या कितीतरी जणी या बदलात मागे पडल्या असणार. ही टिकली, वर एकेरीत जिंकली. आणि पुढे आठची होडी, ती पुन्हा सहा मिनिटांच्या आसपासची.

म्हणजे रेवा, तुझ्या 'एका वल्ह्यावर' मध्ये थोडी भर: तिनं वीस वर्षं एक खेळ खेळला नाही, तीन खेळले.

रेवा | शुक्रवार, सकाळी ९.२०

डॉक्टरीणबाई, हे मला माहीतच नव्हतं! मूळ लेखात घालायला हवं होतं. आता संपादनाची मुदत गेली.

कल्याण_स्लो | शुक्रवार, दुपारी १.१०

(लोकलमधून टंकतोय, चुकभूल द्यावी घ्यावी.)

प्रश्नमंजूषेतल्या त्या तिघांची बाजू घेतो. रेडग्रेव्हची पाच सुवर्णं सलग पाच ऑलिंपिकमध्ये आहेत. ८४, ८८, ९२, ९६, २०००. एकही खाडा नाही. वर सोलचं एक ब्राँझ. लिपाला ८८ ला सुवर्ण नाही. पदकं मोजली तर लिपा आठ, रेडग्रेव्ह सहा, हे खरं. पण 'महान कोण' असं विचाराल तर मी साहेबाला मत देईन. शिवाय त्यानं तेही केलं जे तुम्ही लिपाबद्दल सांगताय, कॉक्सवाल्या चौघांच्या होडीतून दोघांच्या, मग परत चौघांच्या.

अवांतर: दामियानची पण पाच सुवर्णं आहेत ना? तिचा धागा कधी?

मुळाकाठ | शुक्रवार, दुपारी २.००

कल्याण_स्लो, रेडग्रेव्ह मोठाच, वाद नाही. पण त्याची सगळी सुवर्णं स्वीपमधली. एकेरी स्कल्स आणि आठची स्वीप होडी अशी दोन टोकं लिपानं जिंकलीत. क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर... नको, इथे क्रिकेट आलं की धागा बुडतो.

दामियानचं बरोबर आहे. २००० ला दोइना इग्नातबरोबर दोघींची होडी आणि आठ, २००४ ला विओरिका सुसानुबरोबर दोघींची आणि पुन्हा आठ, २००८ ला सुसानुबरोबर दोघींची. पाच झाली. शिवाय बीजिंगला आठमध्ये ब्राँझ. रुमानियाची ही जुनी खोड. मनुष्यबळ कमी, म्हणून त्याच मुली दोन-दोन होड्यांत. इतर देश आठच्या होडीसाठी आठ वेगळ्या मुली ठेवतात, यांच्या मुली दोघींच्या होडीचं सुवर्ण गळ्यातून काढून आठमध्ये जाऊन बसतात. अथेन्सला अमेरिकेच्या आठनं प्राथमिक फेरीत तोवरची जगातली सर्वोत्तम वेळ दिली होती. अंतिम फेरीत रुमानिया पहिली, अमेरिका दुसरी, नेदरलँड्स तिसरी. त्या रुमानियाच्या होडीत एक बाई अशी होती जिनं पहिलं सुवर्ण घेतलं तेव्हा होडीतल्या काही पोरी पाळण्यात नाही तर बालवाडीत असतील.

शमा_टोरंटो | शुक्रवार, रात्री ८.४५ (तुमच्याकडची)

माझ्याकडून थोडी कॅनडाची बाजू. इथे १९९२ ची एकेरी शर्यत लोकांना पाठ आहे, पण लिपामुळे नाही. सिल्कन लॉमनमुळे. ती तेव्हाची जगज्जेती. ऑलिंपिकच्या दहा आठवडे आधी जर्मनीत एसेनला सरावात एका जर्मन होडीनं तिला धडक दिली आणि उजव्या पायाचं मांस फाटून हाडापर्यंत जखम झाली. शस्त्रक्रियांवर शस्त्रक्रिया. पुन्हा होडीत बसेल का अशी शंका होती आणि ती बार्सिलोनाला उतरली. ब्राँझ! इथल्या शाळांत अजून ही गोष्ट सांगतात. बेल्जियमची अनेलीस ब्रेडाल दुसरी आली. पहिली कोण आली, हे मी माझ्या कॅनेडियन शेजारणीला विचारलं. ती म्हणाली, "कुणीतरी पूर्व युरोपातली होती."

रेवा, तुझा 'नाव का नाही' हा प्रश्न इथे अजून एका बाजूनं सुटतो. आठच्या होडीत नाव विरलं हे खरं, पण एकेरीतही विरलं. ती एकटी जिंकली त्या दिवशी गोष्ट तिसरीची होती.

आणि आता गंमत ऐक. कासितास तलावावरच्या १९८४ च्या दुहेरीत ब्राँझ कुणाला? सिल्कन लॉमन आणि तिची बहीण डॅनिएल. म्हणजे लिपा आणि सिल्कन आठ वर्षांपूर्वी त्याच पोडियमवर उभ्या होत्या. दोघींचं ते पहिलंच ऑलिंपिक.

रेवा | शुक्रवार, रात्री ९.०२

अंगावर काटा. आणि शमा, त्याच शर्यतीत रौप्य नेदरलँड्सच्या ग्रीट आणि निकोलेट हेलेमन्स यांना, त्याही बहिणी! म्हणजे दोन्ही बाजूंना बहिणी-बहिणी, मध्ये या दोघी, एकमेकींच्या कुणी नसलेल्या.

आणि आता ती मारिओआरा. १९९६ ला अटलांटाच्या वेळी लॅनियर तलावावर आठच्या होडीनं सुवर्ण घेतलं, कॅनडा दुसरी, बेलारूस तिसरी. त्या आठ जणींत लिपाबरोबर कोण बसली होती? मारिओआरा पोपेस्कु. बारा वर्षांनी. १९८४ ला हातात दोन-दोन वल्ही, १९९६ ला एक-एक. वेरोनिका कोकेल्यापण त्याच होडीत, जी सोलपासून लिपाबरोबर दुहेरीत होती. तेव्हा 'रांगेत जाऊन बसली' हे माझं वाक्य मी थोडं मागे घेते. परक्या रांगेत नव्हती बसली, तिच्या दोन्ही जोडीदारणी तिथेच होत्या.

जुना_स्कोअरबोर्ड | शुक्रवार, रात्री ९.३०

बारा वर्षांनी! आमचा बारावीचा वर्ग बारा वर्षांनी एका हॉटेलात जेवायला जमेना.

खारवी | शनिवार, सकाळी ६.१५

सगळ्यांनी कॉक्स कॉक्स लावलंय. आमच्याकडे याला तांडेल म्हणतात. सुकाणू त्याच्या हातात, हाळी त्याची, वल्हवणाऱ्यांनी मान वर करायची नाही. फरक एवढाच की आमचा तांडेल पाण्याचा रंग बघून मासळी सांगतो.

रुमानियाची तांडेलीण कोण होती पण? तिचं कुणीच काढलं नाही.

मुळाकाठ | शनिवार, सकाळी ८.१०

खारवीदादा, नमस्कार घ्या. तांडेल हा शब्द आम्हाला कॉलेजात कुणी सांगितला नाही, आम्ही 'कॉक्सी' म्हणत राहिलो.

तिचं नाव एलेना जॉर्जेस्कु. १९९६, २०००, २००४, तिन्ही सुवर्ण होड्यांची तांडेलीण तीच. नऊ जणींत शेवटाकडे तोंड असलेली एकटी. लिपाला एकेरीत दर थोड्या फटक्यांनी मान वळवून बघावं लागायचं असेल, आपण रांगेत सरळ आहोत का म्हणून. आठमध्ये आल्यावर मानेला तेवढा आराम.

खारवी | शनिवार, सकाळी ८.२५

मानेला आराम आणि डोक्याला ताप. दुसऱ्याच्या डोळ्यानं वल्हवणं सोपं नाय भाऊ. धुक्यात खाडीत शिरताना कळतं.

कट्टेकरी | शनिवार, सकाळी ११.४०

निवृत्तीनंतरचं राहिलं. रेवाताई 'प्रतिसादांत बोलू' म्हणाल्या आणि विसरल्या.

२००९ ला महासंघाची सूत्रं हाती घेतली आणि लंडन २०१२ ला रुमानियाला रोइंगमध्ये एकही पदक नाही. भोपळा! १९८४ पासून कमाई करणारा खेळ. नंतर नोव्हेंबर २०१५ ते जानेवारी २०१७ मंत्रिपद. त्याच काळात रिओ: अख्ख्या देशाला एक सुवर्ण, तेही तलवारबाजीत. नादियाच्या देशाचा मुलींचा जिम्नॅस्टिक संघ पात्रच ठरला नाही. रोइंगला एक ब्राँझ, आठच्या होडीचं. उत्तम खेळाडू उत्तम कारभारी असतोच असं नाही, हे आपण आपल्याकडेही पाहतो.

रेवा | शनिवार, दुपारी १२.३०

विसरले नव्हते, भाजी चिरत होते.

आकडे बरोबर आहेत, पण तुम्ही रिओला घड्याळ बंद केलंत. पुढे टोकियो: बोदनार आणि रादिश यांना दुहेरी स्कल्सचं सुवर्ण, शिवाय पुरुषांची दोन रौप्यं. पॅरिस २०२४: दोन सुवर्णं, तीन रौप्यं. त्यातलं एक सुवर्ण बायकांच्या आठच्या होडीचं, एक पुरुषांच्या दुहेरीचं. होडीतल्या मुली वयात येऊन पिकायला आठ-दहा वर्षं लागतात. २००९ मध्ये खुर्चीवर बसलेल्या माणसाचा हिशोब २०१२ ला मागायचा की २०२१ ला, हे तुम्हीच ठरवा. मंत्रिपदाबद्दल मात्र मी तिची वकिली करणार नाही. चौदा महिन्यांत कुणी जिम्नॅस्टिक वाचवत नाही हे खरं, पण ते पद घेतलं की वाईट निकालाचं खापरही घ्यावं लागतं.

कट्टेकरी | शनिवार, दुपारी १२.४५

२०२१ म्हणता? बरं. अर्धा गुण दिला.

चांदवडचा_वारा | शनिवार, सायं. ५.२०

रोइंगवर मराठीत एवढं बोलणं पहिल्यांदाच बघतोय म्हणून लॉगिन केलं. आमच्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ. ज्या भागात टँकरची वाट बघत दिवस जातो तिथला पोरगा. वडिलांबरोबर विहिरी खणल्या, सैन्यात गेला, पुण्यात लष्कराच्या केंद्रावर वल्हं हातात आलं आणि रिओला एकेरीत तेरावा. म्हणजे सुचावाला समुद्र नव्हता म्हणून नवल करू नका, आमच्याकडे पिण्याचंच नव्हतं.

आणि तुमच्या धाग्याशी थेट नातं सांगतो. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पालेमबांगला आपल्या चौघांनी (स्वर्ण सिंग, दत्तू, ओमप्रकाश, सुखमीत सिंग) चार स्कल्समध्ये सुवर्ण घेतलं, तेव्हा भारतीय संघाचा परदेशी प्रशिक्षक होता निकोलाए गिओगा. कुठला? रुमानियाचा.

जुना_स्कोअरबोर्ड | शनिवार, सायं. ५.५०

चला, कोजोकारुचं थोडं कर्ज फिटलं म्हणायचं. वडील असते तर सांगितलं असतं.

मुळाकाठ | शनिवार, सायं. ६.१५

वाऱ्या, दत्तू तर एकेरी आणि चार स्कल्स दोन्हीकडचा. पालेमबांगला आदल्या दिवशी एकेरीत सगळं बिनसलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चौघांत बसून सुवर्ण. एकट्याचं दुःख चौघांच्या होडीत नेता येत नाही, किनाऱ्यावर ठेवूनच बसावं लागतं. ते त्याला एका रात्रीत जमलं.

भाकरवडी | शनिवार, रात्री ९.१०

मी आज यूट्यूबवर आठच्या होडीच्या शर्यती बघत बसले. मुळाकाठदादा, खरं सांगू? आठ जणींत कुठली कोण हे कळतच नाही. सगळ्या एकाच वेळी वाकतात, एकाच वेळी मागे जातात. मी व्हिडिओ थांबवून थांबवून लिपा शोधत होते. नाही सापडली.

मुळाकाठ | शनिवार, रात्री ९.३२

सापडली असती तर होडी हरली असती.

रेवा | रविवार, सकाळी १०.००

सगळ्यांचे आभार. काल सोसायटीच्या कट्ट्यावर त्या 'टेनिसवाली का' काकांना गाठून सगळं ऐकवलं. लॉमन, तांडेल, दत्तू, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मग पुढच्या वर्षी प्रश्न नीट विचार ना. हा फार सोपा होता."

तर पुढच्या वर्षीचा प्रश्न आत्ताच तयार केलाय. इथेच चाचणी घेते. १९८४, दुहेरी स्कल्स, तीन पायऱ्यांवर मिळून सहा जणी उभ्या. आडनावं किती?

कल्याण_स्लो | रविवार, सकाळी १०.०४

चार. आणि त्यातलं एक पुढे बदललं.

भाकरवडी | रविवार, सकाळी १०.०६

काकांना आधीच सांगू नका कुणी!